वीकनेस

गेल्या श्रावणात मला अशक्तपणा आला. आला म्हणजे लांबच्या नात्यातला पाहुणा यावा तसा आला. आधी कळवलं नाही, मुक्काम किती ते सांगितलं नाही, आणि आल्या आल्या सोफ्यावर आडवा झाला.

सकाळी उठलो, पण उठल्यासारखं वाटेना. दाढीचा ब्रश हातात जड लागला. बसस्टॉपपर्यंतचं अंतर रात्रीतून कोणीतरी वाढवून ठेवलंय की काय अशी शंका आली. ऑफिसात जाऊन खुर्चीत बसलो तो बसलोच. बसून राहणं हे आमच्या खात्यात आजाराचं लक्षण मानत नाहीत, त्यामुळे तिथे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तिसरा मजला चढलो आणि सोफ्यावर अंग टाकून म्हणालो, "अगं, मला वीकनेस आलाय."

हा शब्द मी मुद्दाम वापरला. या अवस्थेला मराठीत शब्दांची वाण नाही. थकवा आहे, शीण आहे, मरगळ आहे, ग्लानी आहे, गळाठा आहे. अंगात त्राण नसतं, हातपाय गळतात, कसनुसं होतं. पण यातला कुठलाही शब्द घरात उच्चारला तर समोरचा माणूस फार तर "चहा टाकू का?" असं विचारतो. वीकनेस म्हटलं की तो उठून उभा राहतो. थकवा कोणालाही येतो. वीकनेसला फॅमिली डॉक्टर लागतो.

सौ. लगेच उठून उभी राहिली, म्हणजे ती उभीच होती, कणीक मळत होती. पंखा लावला, उशी दिली, आल्याचा चहा आणला आणि म्हणाली, "पडून राहा जरा. जेवायला इथेच देते." मी पडून राहिलो.

दोन दिवसांत बातमी चाळभर झाली. (आमची आता चाळ नाही, सोसायटी आहे. पण बातमीला ते अजून कोणी सांगितलेलं नाही.) शेजारचे नाना आले. नानांच्या मते मनुष्यजातीचे सगळे प्रश्न एकाच प्रश्नाला येऊन मिळतात. त्यांनी तो विचारला, "पोट साफ होतं का?" मावशीने फोनवरूनच दृष्ट लागल्याचं निदान केलं आणि मीठमोहऱ्या कोणी आणि कशा ओवाळायच्या ते सांगितलं. माझ्यासारख्या ध्यानाला दृष्ट लावण्याइतका फुरसतीचा माणूस कोण असेल, हा विचार तिला शिवला नाही. मेहुण्याने अश्वगंधाची बाटली पाठवली. सौ.ने डिंकाचे लाडू केले. श्रावणात डिंकाचे लाडू हे पंचांगाला सोडून होतं, पण माझी प्रकृतीही पंचांगाला सोडूनच होती.

ऑफिसातल्या एका स्नेह्याचा आग्रह होता की मी सरळ जाऊन सलाईनची बाटली लावून घ्यावी. "एक बाटली गेली की कसा ताठ होतोस बघ." आपल्याकडे या बाटलीचा महिमा मोठा आहे. खेड्यातून माणसं एसटीने तालुक्याला येऊन ताकदीची बाटली लावून घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने ताकद घेऊन परत जातात. मी पुढे डॉक्टरांना त्या बाटलीत काय असतं ते विचारलं. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजची अर्धा लिटरची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे साधारण पाच चमचे. नुसत्या मिठाच्या पाण्याची असेल तर साडेचार ग्रॅम मीठ. जुलाबांनी शोषलेल्या माणसाला ती जीव देते, पण चालत आलेल्या माणसाला तिच्यात मिळतं ते एका लिंबाच्या सरबताइतकं. फरक एवढाच, की सरबत प्यायल्यावर भेटायला कोणी येत नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे, म्हणजे आधी माणसाकडे बघतात आणि मग कागदाकडे. मी म्हणालो, "डॉक्टर, वीकनेस आलाय."

"म्हणजे काय झालंय?"

आता याला काय सांगावं? वीकनेस म्हणजे वीकनेस. पण डॉक्टर सोडेनात. "हात वर होत नाही का? बसल्यावरून उठता येत नाही? की उठता येतं पण जिना चढताना दम लागतो? की दम लागत नाही, नुसती झोप येते? की झोपही येत नाही, नुसतं काही करावंसं वाटत नाही?" ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि लोक चारींना एकाच नावाने हाक मारतात, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यात स्नायू आणि मज्जातंतू तपासायचे. दुसऱ्यात रक्त, हृदय, फुफ्फुसं. तिसऱ्यात थायरॉइड मंदावलंय का, साखर वाढलीय का, रात्री घोरताना श्वास अडतो का, रक्तदाबाची एखादी गोळी सोसत नाही का, ते बघायचं. चौथ्यात–

"चौथ्यात काय?"

"रविवारी कसं वाटतं तुम्हाला?"

मी आठवून पाहिलं. रविवारी बरं वाटत होतं. शनिवारी संध्याकाळपासूनच बरं वाटायला लागत होतं. आषाढात माझी बदली जुन्या कागदपत्रांच्या विभागात झाली होती आणि माझ्या जागी माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगा बसला होता. ही गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नव्हती. खरं म्हणजे मी ती मलाही सांगितली नव्हती. मी घुटमळलो, तसं डॉक्टर म्हणाले, "मनाचा थकवा खोटा नसतो हो. पण तो आहे असं म्हणण्याआधी बाकीचं नाही ना, ते बघायला हवं." आणि तपासण्यांचा कागद लिहून दिला.

रक्त घ्यायला प्रयोगशाळेचा मुलगा घरी आला. त्यांची एक योजना होती. नवऱ्याची संपूर्ण तपासणी केली तर बायकोची निम्म्या दरात. सौ. म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" मग तिने निम्मा दर किती होतो ते विचारलं. पूर्ण दर आणि निम्मा दर यांच्यातला फरक वाया जाणार हे तिच्या लक्षात आलं आणि तिने हात पुढे केला. माझ्या बायकोच्या आजाराचा शोध हा असा काटकसरीतून लागलेला आहे.

दुसऱ्या दिवशी अहवाल आले. माझं हिमोग्लोबिन १४.८. साखर ठीक, थायरॉइड ठीक. बी-१२ थोडं काठावर. त्याचा ठपका डॉक्टरांनी मी सहा वर्षं कोणाला न विचारता रोज घेत असलेल्या ॲसिडिटीच्या गोळीवर ठेवला. बाकी मी ठणठणीत होतो. ठणठणीत असण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, कारण खालच्या कागदावर सौ.चं हिमोग्लोबिन होतं ७.६. बायकांचं बाराच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. माझ्या निम्म्याच्या आसपास रक्ताच्या जोरावर ही बाई दीड महिना मला चहा, उशी आणि डिंकाचे लाडू पुरवत होती.

डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, "दम लागत नाही तुम्हाला?"

"लागतो की," ती म्हणाली. "वयाप्रमाणे लागायचाच."

"जिना?"

"दुसऱ्या मजल्यावर जरा टेकते."

ते मला माहीत होतं. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर ती भाजीची पिशवी घेऊन बसलेली मी कितीदा पाहिली होती. माझी समजूत अशी, की ती दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची चाहूल घेत बसते. "बायकांना गप्पांना जागा लागत नाही," असा एक विनोदही मी त्यावर करत असे. चार ठिकाणी केला होता. लोक हसले होते.

"कच्चं काही खावंसं वाटतं का?" डॉक्टरांनी पुढे विचारलं. "माती, खडू, बर्फ?"

सौ. माझ्याकडे बघू लागली आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. गेली दोन वर्षं ती तांदूळ निवडताना मूठमूठ कच्चे तांदूळ खात असे. मी त्यावरून तिला चिडवत असे. "लग्नात पाऊस का पडला ते आत्ता कळलं," असं म्हणत असे. शरीरातलं लोह कमी झालं की काही माणसांना असल्या वस्तूंची विलक्षण ओढ लागते, हे वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. म्हणजे आजार आमच्या घरात माझ्यासमोर बसून, ताटात हात घालून, कुडुमकुडुम आवाज करत होता आणि मी त्यावर कोट्या करत होतो.

मी घरी आल्यावर जरा रागानेच म्हणालो, "तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "गुढीपाडव्याला म्हटलं नव्हतं का, हल्ली फार दमायला होतं म्हणून?"

"मग मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, दुपारी झोपतेस ना, म्हणून दमायला होतं."

हे वाक्य मी बोललो असणार यात शंका नाही. त्याची धाटणी माझीच आहे. आता गंमत बघा. मी आडवा झालो तो वीकनेस, आणि ती दुपारी आडवी झाली तो आळस. अंग तेच, सतरंजी तीच, फरक फक्त कोण पडलंय याचा. कोणाच्या थकव्याला आजार म्हणायचं आणि कोणाच्या थकव्याला स्वभाव, हे ठरवणारं एक खातं प्रत्येक घरात असतं, आणि त्या खात्याचा प्रमुख बहुधा सोफ्यावर असतो.

त्या रात्री मला आजोबांच्या शेतावरचा एक गडी आठवला. कोकणात आमची थोडी भातशेती होती. लावणीच्या दिवसांत सगळे गडी कमरेत वाकलेले असत आणि हा एकटा मधूनच बांधावर जाऊन बसे. तोंड पांढरंफटक, पाय सुजलेले. त्याचं खरं नाव मला आता आठवत नाही, कारण आम्ही पोरं त्याला 'बसक्या' म्हणत असू, आणि मोठी माणसं आम्हाला रागे भरत नसत. आजोबा न्यायी होते. दासबोध त्यांच्या नित्यपाठात होता, आणि करंट्याची लक्षणं सांगताना समर्थांनी आळसाला कसं झोडपलंय ते सर्वांना माहीत आहे. आजोबांनी त्याला कधी कामावरून काढलं नाही. फक्त इतरांपेक्षा शेरभर भात कमी देत. जेवढं काम तेवढा दाम. तो शेरभर भात त्याच्या पोटात गेला असता तर काय झालं असतं, हा हिशेब तेव्हा कोणी केला नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे मी त्या आठवड्यात रक्तक्षयावर मिळेल ते वाचत सुटलो होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब शेतकऱ्यांना सगळा देश आळशी म्हणत असे. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की त्यांच्यातल्या कितीतरी लोकांच्या आतड्यात अंकुशकृमी आहेत. हा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतो, फिरत फिरत आतड्यात पोचतो आणि तिथे चिकटून रक्त पीत बसतो. वर्तमानपत्रांनी याचीही थट्टा केली, 'आळसाचा जंतू सापडला' म्हणून. पण १९०९ साली रॉकफेलरने या जंताच्या बंदोबस्तासाठी दहा लाख डॉलर काढून दिले. एवढा पैसा आळसावर कोणी खर्च करत नाही, तेव्हा तो आळस नसावा. चिखल, अनवाणी पाय, पांढरंफटक तोंड. बसक्याच्या आतड्यात काय होतं ते आता कोण सांगणार? पण त्याच्या शेरभर भाताचं देणं माझ्या डोक्यावर आहे असं मला त्या रात्री वाटलं, आणि तसं वाटून घेणं फार सोपं होतं, कारण वसूल करायला आता कोणी येणार नव्हतं. आतल्या खोलीतलं देणं जास्त अवघड होतं.

सौ.ला ज्या गोळ्या मिळाल्या त्यांत लोह आणि फॉलिक ॲसिड होतं. या फॉलिक ॲसिडचा माग चक्क आपल्या मुंबईत लागलेला आहे. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय होत असे, त्याचं कारण त्या शोधत होत्या. त्यांनी या बायकांच्या जेवणात काय काय नसतं याचा पिच्छा पुरवला आणि माकडांवर प्रयोग केले. त्यात मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने गुण येतो असं दिसलं. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा काळा लगदा. त्या काळच्या सोवळ्यातल्या आजीबाईंना या औषधाचं कुळ कळलं असतं तर त्यांनी औषधासकट डॉक्टरीणबाईंनाही गोमूत्र शिंपडून शुद्ध केलं असतं. त्यातला गुणकारी पदार्थ म्हणजेच फॉलिक ॲसिड, हे पुढे सिद्ध झालं. मला यातलं आवडतं ते हे, की बाईंनी आधी ताटात डोकावून पाहिलं.

तेव्हापासून आपण फार पुढे आलो असं म्हणावं तर २०१९ ते २१ या काळातली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आडवी येते. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत शंभरातल्या ५७ जणींना रक्तक्षय. पुरुषांत शंभरातल्या २५ जणांना. आणि सोफे कोणाच्या ताब्यात आहेत त्याची पाहणी अजून कोणी केलेली नाही.

तर गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, नुसत्या गोळ्या देणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं, आधी भोक शोधा. ते शोधलं. चार दिवसांचा त्रास दोन वर्षांपासून दहा दिवसांवर गेला होता आणि तिने तोही वयाच्या खात्यावर लिहून टाकला होता. त्याचा पुढचा तपशील मी इथे लिहू नये अशी तिची सक्त ताकीद आहे. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढेमागे तासभर चहा बंद, कारण चहा लोहाला अंगी लागू देत नाही. आमच्या घरात लग्नाइतकी जुनी दुसरी गोष्ट म्हणजे जेवणानंतरचा चहा. तो बंद झाला.

आणि मग, साधारण महिन्या-दीड महिन्याने, एक अनपेक्षित प्रकार घडला. सौ. भांडायला लागली.

माझ्या बायकोचा स्वभाव अत्यंत शांत. लग्न ठरताना सासऱ्यांनी सांगितलं होतं, "मुलगी गरीब गाय आहे." माझ्या आईने तिला 'सोशिक' हे प्रशस्तिपत्र दिलं होतं आणि आमच्या आईची प्रशस्तिपत्रं इतकी दुर्मिळ, की ते आम्ही फ्रेम करून लावायचंच बाकी ठेवलं होतं. नातेवाइकांत तिच्या सोशिकपणाची उदाहरणं देत. तीच बाई आश्विनात वाण्याला वजनकाट्यावरून फैलावर घेऊन आली. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीबद्दल उभी राहून बोलली. आणि एका संध्याकाळी मी सोफ्यावरून "अगं, जरा पाणी–" एवढंच म्हणालो, तर आतून आवाज आला, "माठ स्वयंपाकघरात आहे. सत्तावीस वर्षं तिथेच आहे."

मी हादरलो. डॉक्टरांना खासगीत विचारलं, "गोळ्यांचा काही परिणाम...?"

"हो," ते म्हणाले. "हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलंय."

म्हणजे आम्ही सगळे ज्याला सोशिकपणा म्हणून डोक्यावर घेत होतो, त्यातला काही भाग लोहाची कमतरता होती! भांडायला ताकद लागते, आणि ती नसेल तर माणूस शांत स्वभावाचा दिसतो. हे कळल्यावर माझी झोप उडाली. कारण मग दुसऱ्या बाजूचं काय? माझ्या वडिलांनी मला 'कष्टाळू' म्हटलं होतं. त्यातलं माझं किती आणि त्या १४.८ चं किती? गुण आणि अवगुण जर असे रक्ताच्या थेंबात मोजता येत असतील, तर नित्यपाठातल्या निम्म्या उपदेशाची जागा औषधाच्या दुकानात आहे. मी हा सिद्धान्त नानांना ऐकवला. नाना म्हणाले, "म्हणजे जगात आळशी कोणी नाहीच म्हणा की."

इथे मी अडलो. कारण आळशी माणूस आहे. मी त्याला जवळून ओळखतो. त्याचे सगळे अहवाल उत्तम आहेत. जुन्या कागदपत्रांच्या विभागात बदली झाल्याचं दुःख त्याला खरोखर झालं होतं, तेही मी नाकारत नाही. पण त्या दुःखाला पहिल्या पंधरा दिवसांत जेवढी विश्रांती लागत होती तेवढीच ती पुढे महिनाभर कशी लागत राहिली, हे फक्त त्यालाच माहीत आहे. दुसऱ्याच्या बाबतीत आपल्याला नुसतं बसलेलं माणूस दिसतं. उठता येत नाही म्हणून बसलंय की उठायचं नाही म्हणून, ते आत जाऊन पाहता येत नाही. स्वतःच्या बाबतीत तेवढी एक सोय असते, आणि तीही माणूस फारशी वापरत नाही.

परवा, मार्गशीर्षातल्या गुरुवारी, मी ऑफिसातून येताना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकलो होतो. खालून चपलांचा आवाज आला. एका हातात फुलं-पत्री, दुसऱ्या हातात नारळांची पिशवी घेऊन सौ. न थांबता वर येत होती. माझ्यापाशी पोचल्यावर तिने विचारलं,

"काय हो, वीकनेस का?"

मी जरा विचार केला.

"नाही," मी म्हणालो, "आळस."

"मग उठा," ती म्हणाली, आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवून पुढे गेली.